बंदूक नेमकी कुठे अडली

आमच्या घरात बंदूक कधीच आली नाही. बंदुकीचा माणूस मात्र रोज संध्याकाळी साडेसातला यायचा, बूट दाराबाहेर काढायचा, खाकी शर्ट खुंटीला न अडकवता हँगरला लावायचा आणि मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचा. तुळिंजला चौथ्या मजल्यावर आमची दीड खोली होती. बाबा एका सहकारी बँकेच्या शाखेत दारावर उभे असत, खांद्याला बारा बोअरची पंपाची बंदूक, पुढची मूठ मागेपुढे ओढून चालणारी. ती बंदूक बँकेची, परवाना बँकेचा, त्यावर बाबांचं नाव फक्त ‘बाळगणारा’ म्हणून. माणूस पुरवणारी, काडतुसं पुरवणारी आणि बंदुकीची देखभाल करणारी एजन्सी वेगळी. देखभाल हा शब्द एजन्सीच्या करारात होता. प्रत्यक्षात तो कुणी पाहिला नव्हता.

आई वसई पूर्वेला एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होती आणि उरलेला वेळ बायकांच्या संघटनेला द्यायची. त्यामुळे घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. माळ्यावर गठ्ठे, गादीखाली गठ्ठे, फडताळात डब्यांखाली अंथरलेली मागच्या मोर्चाची उरलेली पानं. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. इतर मुलांना बडबडगीतं पाठ असत, मला पाणीप्रश्नाच्या सात मागण्या पाठ होत्या, आणि पाहुण्यांसमोर त्या म्हणून दाखवायला लावत. सकाळी सहाला पाणी यायचं, अर्धा तास. सगळ्या इमारतीच्या मोटारी एकदम घुरघुरायच्या, पिंप भरताना आई मला पत्रकाचा मजकूर तोंडी सांगायची आणि मी ओट्यावर बसून लिहून घ्यायची. तिचे दोन नियम होते. राग आल्याशिवाय लिहायचं नाही, आणि राग उतरल्यावर तपासल्याशिवाय छापायचं नाही. पहिला नियम मला जन्मजात जमला. दुसऱ्याबद्दल पुढे सांगते.

बाबा मालवणकडचे, बोलण्यात सावकाश. जेवताना कुळथाची पिठी आणि भाकरी असली की त्यांना दुसरं काही लागत नसे. रविवारी बाजारातून बोंबील आणायचे आणि ते साफ करताना बँकेतल्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या नोकरीतला मुख्य विधी आम्हाला तोंडपाठ होता. सकाळी तिजोरीच्या खोलीतून बंदूक घ्यायची, पट्ट्यातली पाच काडतुसं एकेक करून खालच्या नळीत भरायची. संध्याकाळी शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर हिरवं फडकं पसरायचं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत पंप पाच वेळा ओढून पाचही काडतुसं फडक्यावर पाडायची, म्हणजे बंदूक रिकामी आहे याची साहेबांना खात्री. मग ती पाच काडतुसं पुन्हा पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी तीच पाच. अकरा वर्षं तीच पाच काडतुसं सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर. बाबा त्यांना ओळखायला लागले होते. ‘एक जरा हट्टी असा,’ ते म्हणायचे, ‘दोनदा ढकलल्याबिगर आत जायत नाय.’ आम्ही हसायचो. आज ते वाक्य आठवलं की माझ्या कानशिलात गरम होतं, कारण ती तक्रार होती, आणि ती ऐकून घ्यायला एजन्सीचा पगारी माणूस नेमलेला होता.

त्या अकरा वर्षांत बाबांनी एकदाही गोळी झाडली नव्हती. दरवर्षी मार्चमध्ये एजन्सीचा पर्यवेक्षक एक कागद आणायचा, ‘वार्षिक गोळीबार सराव पूर्ण’ असं वर छापलेलं, आणि सगळ्या गार्डांच्या सह्या घेऊन जायचा. सराव त्या सहीतच व्हायचा. मी शाळेत असताना बाबांना विचारलं होतं की, सही का करता. त्यांनी विचारलं, ‘तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी करतंय, तेव्हा काय मी परीक्षेक बसतंय?’

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बँकेत एक नवे सुरक्षा अधिकारी आले आणि त्यांनी खरोखरचा सराव मागितला. एजन्सीची धांदल उडाली. सहा शाखांचे सहा गार्ड एका सकाळी गाडीत घालून गोळीबाराच्या मैदानावर नेले. प्रत्येकाला पाच गोळ्या, पट्ट्यातल्याच, नव्या नव्हेत. सहांपैकी चौघांच्या बंदुका अडल्या. बाबांची दुसऱ्याच गोळीला. पर्यवेक्षकाच्या हातात एक छापील तक्ता होता, त्यात रकाना होता ‘जॅम: होय / नाही’. चौघांपुढे ‘होय’ पडलं आणि शेरा सगळ्यांना एकच: ‘हाताळणी दोष. शस्त्रधारी कामास अयोग्य.’ बाबांच्या शेऱ्याला एक शेपूटही होतं: ‘घाबरून पंप अर्धवट ओढला, दोन काडतुसं एकदम भरली.’

त्या दिवशी बाबा दुपारी दोनला घरी आले. मी दार उघडलं तर शर्ट हातात होता, गंजीवर चौथा मजला चढून आले होते. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी सुनावणी. शेरा कायम झाला तर बँकेच्या परवान्यावरून नाव जाणार, आणि ‘अयोग्य’ असा शेरा असलेल्या चोपन्न वर्षांच्या गार्डाला दुसरी कुठलीही एजन्सी दारात उभं करणार नव्हती. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग पाट मांडून बसले. आईने वाढलं. ते जेवले नाहीत, भाकरीचे तुकडे करत राहिले.

‘तुम्ही खरंच अर्धवट ओढलात का?’ मी विचारलं.

‘अकरा वर्षां रोज पाच वेळा ओढतंय,’ ते म्हणाले. ‘पुरो मागे गेलो तर दोन आवाज येतत. दोन इले. माझ्या कानांनी आयकलंय.’

‘मग तिथेच सांगायचं.’

‘सांगितलंय. तो म्हणालो, जॅम म्हणजे जॅम.’

मला त्या वाक्याचा जो संताप आला तो अजून पूर्ण उतरलेला नाही. डॉक्टर ‘आजारी’ एवढंच लिहून पेशंटला घरी पाठवत नाही. रिक्षा बंद पडली तर मेकॅनिक प्लग बघतो, पेट्रोल बघतो, मग बोलतो. इथे चार बंदुका चार वेगळ्या माणसांच्या हातात अडल्या आणि चौघांचं पोट एका दोन अक्षरी शब्दात बांधून टाकलं. बिघाडाला नाव नसलं की दोष शेवटचा हात लावणाऱ्याला चिकटतो. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. चार जळजळीत ओळी लिहिल्या आणि थांबले, कारण पाचव्या ओळीत बंदूक कशी चालते हे यायला हवं होतं आणि ते मला माहीत नव्हतं.

वाट आईने काढली. बाजारात मार्था मावशी नावाच्या एक बाई केळी आणि भाजी घेऊन बसत, नंदाखाल गावच्या. आईची त्यांच्याशी वर्षानुवर्षांची ओळख. आईने बोलता बोलता हकिकत सांगितली तर त्या म्हणाल्या, ‘आमच्या म्हाताऱ्याचा सगळा जन्म बंदुकी उघडण्यात गेला. लष्कराच्या कार्यशाळेत होते. आता केळींना पाणी सोडतात आणि माझ्या मिक्सरचे स्क्रू काढून ठेवतात. पाठव तुझ्या मुलीला, त्यांना पण बोलायला कुणीतरी हवं.’

रविवारी मी आणि बाबा नंदाखालला गेलो. वाडीत शिरलं की हवा बदलते. नारळाच्या सावलीत केळीची पानं ओली, पाटातून पाणी वाहतंय, मागे चर्चच्या घंटेचा आवाज. मावशींचे यजमान फ्रान्सिस काका हाफ पँट आणि बनियनमध्ये पाण्याच्या पंपाच्या कट्ट्यावर बसले होते. बायकोशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला निम्मीसुद्धा कळत नसे. आमच्याशी मराठीत, पण लष्करातल्या हिंदीची फोडणी देऊन.

‘जॅम?’ ते म्हणाले. ‘जॅम पावाला लावतात. आमच्याकडे रोक म्हणायचे. कौनसी रोक? हे सांगितलं नाही तर उस्ताद पाठीत बुक्का घालायचा.’

त्यांनी वाडीतला प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा घेतला. मावशींना हाक मारून सुकेळी मागवली. वसईची वाळवलेली केळी, बोटाएवढी, मधासारख्या रंगाची. मावशींना वाटलं पाहुण्यांना खायला. काकांनी त्यातलं एक पाइपाच्या तोंडात घातलं. ‘हे काडतूस, ही नळी, माझं हे बोट म्हणजे नखी. बघा.’

ते समोर करून दाखवत होते आणि मी वहीत उतरवत होते. बंदुकीची चाल म्हणजे एक फेरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घोडा दाबला की काडतुसाच्या बुडावर टोचणी बसते आणि गोळी सुटते. पुढची मूठ मागे ओढली की नखी रिकाम्या काडतुसाच्या पितळी काठाला धरून त्याला नळीतून उपसते. आणखी मागे गेलं की बाजूचा एक खटका त्याला ढुशी देतो आणि ते बंदुकीच्या कडेच्या खिडकीतून बाहेर उडतं. तेवढ्यात खालच्या नळीतलं नवं काडतूस पाळण्यावर येतं, मूठ पुढे ढकलली की पाळणा ते वर उचलतो, ते नळीत शिरतं आणि दार बंद होतं. फेरी पूर्ण.

‘आता ही फेरी कुठे तुटली ते सांगायचं,’ काका म्हणाले. ‘घोडा दाबला, टक् झालं, गोळी गेलीच नाही. ही पहिली. तोंड समोर धरून तीस आकडे मोजायचे, कारण कधी कधी उशिरा सुटते. दोष कुणाचा? बहुतेक वेळा काडतुसाचा, जुनं असेल, दमट असेल. दुसरी, मूठ मागे ओढली आणि रिकामं आलंच नाही, नळीत बसून राहिलं. उपसण्याची रोक. तिसरी, नळीतून निघालं पण बाहेर उडालं नाही, खिडकीत चिमणीसारखं उभं राहिलं. फेकण्याची रोक. ह्याच्यात जवानाचा हात असू शकतो, अर्धं ओढलं की असंच होतं. चौथी, नवं वर आलंच नाही, खालच्या नळीची स्प्रिंग गंजली. भरण्याची रोक. आणि कधी दोन एकदम वर येतात, ती पाचवी. प्रत्येकीचा फौरी इलाज, म्हणजे तिथल्या तिथे करायचा, तो वेगळा. दुसरीला तिसरीचा इलाज केला तर बसा बोंबलत.’

‘यांची कुठली?’ मी विचारलं.

‘मी तिथे होतो का?’

बाबांनी खिशातून फोन काढला. त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या गार्डाने गंमत म्हणून चित्रण केलं होतं, घरी बायकोला दाखवायला. त्याने ते बाबांना पाठवलं होतं. काकांनी चष्मा लावला, फोन नाकाजवळ धरला आणि बाबांच्या दुसऱ्या गोळीपाशी थांबवला.

‘मूठ पूर्ण मागे आहे,’ ते म्हणाले. ‘खिडकी सताड उघडी आहे. अर्धं ओढलेल्याची खिडकी अर्धी असते. आत बघा, नळीच्या तोंडाशी पितळ दिसतंय. रिकामं जागचं हललेलं नाही, नखी काठावरून सटकली. आणि हे दुसरं, पाळण्यावरचं, त्याच्या पाठीवर येऊन आपटलं. तुमचा तो येडा पर्यवेक्षक म्हणतो दोन भरली. दोन दिसली म्हणजे दोन भरली नाहीत. उपसण्याची रोक. ते रिकामं मग कसं काढलं?’

‘पुढून सळई घालून,’ बाबा म्हणाले. ‘ठोकून काढूक लागला.’

‘मग झालंच. सळईने ठोकावं लागलं ते घट्ट बसलेलं होतं, त्याच्यात तुमच्या हाताचा काय संबंध? आणि रोज पंपाने बाहेर काढता म्हणालात, पाचच्या पाच? अकरा वर्षं?’ काकांनी मावशींकडे पाहिलं, मग आकाशाकडे. ‘अहो, नखीने त्या काठाचं भरीत केलं असेल. काठच नाही उरला तर ती धरणार काय? हे कुठल्या गाढवाचा हुकूम?’

‘शाखाधिकाऱ्यांचो,’ बाबा नम्रपणे म्हणाले.

मला नाचावंसं वाटत होतं. सगळं कागदावर आलं होतं. झिजलेले काठ बँकेच्या हुकमामुळे, जुनी काडतुसं एजन्सीची, बाबांचा हात निर्दोष. तेवढ्यात काकांनी दोन बोटांनी ते चित्र मोठं केलं.

‘हे चमकतंय काय?’ त्यांनी विचारलं. ‘पाळण्यावरचं काडतूस. ओलं आहे.’

बाबांनी वाकून पाहिलं.

‘मी तेल लावतंय,’ बाबा म्हणाले. ‘दर शनिवारी. खाऱ्या वाऱ्यान पितळ हिरवा पडता. खोबरेल. फडक्यान पुसून घेतंय.’

काकांनी एका सुकेळ्याला बोटाने पाणी लावलं, त्यावर वाडीतली माती भुरभुरली आणि पाइपात ढकललं. उलटा करून आपटला तरी ते पडेना. ‘खोबरेल जुनं झालं की डिंक होतो,’ ते म्हणाले. ‘गोळीच्या आचेने नळीत भाजून बसतो, वर धूळ. घट्ट बसायचं तेही एक कारण. काडतूस कोरडं ठेवायचं असतं. भल्या माणसा, कुणी सांगितलं नाही?’

‘कोण सांगतलो?’ बाबा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मार्था मावशींनी कागदात बांधून दिलेली सुकेळी माझ्या मांडीवर होती.

आता मी जे केलं ते लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हे प्रकरण आहे. मी पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं ‘जॅम म्हणजे काय? चार बंदुका, चार वेगळे बिघाड’. बंदुकीची फेरी सोप्या भाषेत समजावली. बाकीच्या तिघांना विचारून त्यांचंही लिहिलं: कुणाची गोळी सुटलीच नाही, कुणाचं काडतूस वर आलं नाही, कुणाचं खिडकीत उभं राहिलं, आणि तेही शिकवलं नव्हतं म्हणून. बाबांच्या बिघाडाला सर्वांत मोठा परिच्छेद दिला. न झालेल्या सरावाच्या सह्यांबद्दल लिहिलं. तेलाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

आईने सकाळी पिंप भरताना मजकूर ऐकला. ‘चांगलं आहे,’ ती म्हणाली. ‘एक ओळ कमी आहे.’

‘जागा नाही.’

‘माझी खोबरेलची बाटली दर महिन्याला का संपते ते मला इतकी वर्षं कळत नव्हतं. काल कळलं. तीच ओळ.’

‘ती ओळ छापली तर ते बाकीचं काही वाचणारच नाहीत,’ मी म्हणाले. ‘बंदूक त्यांची, काडतुसं त्यांची, अकरा वर्षं त्यांनी काही केलं नाही. बाबांनी आपल्या पदरच्या तेलाने त्यांची वस्तू सांभाळली. त्यांच्या हातात मीच दगड देऊ?’

‘तुझा राग उतरलेला नाही,’ आई म्हणाली आणि नळ बंद केला. तिने अडवलं मात्र नाही. मी तुळिंजच्या झेरॉक्सच्या दुकानात वीस प्रती काढल्या आणि बाकीच्या पाचही गार्डांना वाटल्या. एका गार्डाने ते पत्रक घडी घालून टोपीत ठेवलं. मला तेव्हा माझा अभिमान वाटला होता. तो आज वाटत नाही असंही म्हणवत नाही.

सुनावणी एजन्सीच्या कचेरीत झाली, खाली मोबाइलचं दुकान, वर जिना. टेबलामागे एजन्सीचे एक अधिकारी, बाजूला पर्यवेक्षक, आणि खुर्ची थोडी मागे ओढून बँकेचे ते नवे सुरक्षा अधिकारी. बाबांनी मला वाचून दाखवायला बरोबर नेलं होतं. मी निवेदन वाचलं, चित्रण दाखवलं, खिडकी कुठे पूर्ण उघडी आहे ते बोट ठेवून दाखवलं. पर्यवेक्षकाला मी विचारलं, ‘ही कुठली रोक आहे, सांगा.’ तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही मला शिकवणार?’ बँकेचे अधिकारी म्हणाले, ‘त्यांनी विचारलंय तर सांगा ना.’ तो तक्त्याकडे बघत राहिला. तक्त्यात उत्तर नव्हतं.

मग बँकेचे अधिकारी बाबांकडे वळले. ‘नाटेकर, काठ झिजला हे पटलं. पण रिकामं इतकं घट्ट का बसावं? सळईने ठोकून काढावं लागलं. आणखी काही कारण?’

मी बोलायला तोंड उघडलं. जुनी काडतुसं, दमट हवा, असं काहीतरी सांगणार होते. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘तेल, साहेब,’ ते म्हणाले. ‘मी काडतुसांना खोबरेल लावत होतो. चांगलं म्हणून लावत होतो. लावायचं नसतं हे मला मागच्या रविवारी कळलं.’

पर्यवेक्षक हसला. मी आयुष्यात पुष्कळ वाईट हसणी ऐकली आहेत, पण त्या हसण्यासाठी माझ्याकडे अजून शब्द नाही. ‘म्हणजे हाताळणी दोषच,’ तो म्हणाला.

‘होय,’ बाबा म्हणाले. ‘माझ्यापुरता तो शब्द राहू दे. पण मी एक विचारतो. बंदुकीचं तेल म्हणून एक वेगळं तेल असतं म्हणे. अकरा वर्षांत त्याची एक बाटली तुम्ही शाखेवर पाठवलीत का? काडतूस कोरडं ठेवायचं, एवढं एक वाक्य कुणी येऊन सांगितलंत का? उरलेल्या तिघांनी तर तेलही लावलं नव्हतं. त्यांच्यापुढेही तोच शब्द का?’

बँकेच्या अधिकाऱ्यांनी सरावाच्या जुन्या कागदांची फाइल मागवली. पर्यवेक्षक ती शोधायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

निकाल आठवड्याने आला. तिघांचे शेरे रद्द. सगळ्या शाखांना नवी काडतुसं, पंपाने बाहेर काढण्याचा हुकूम मागे, तक्त्यात ‘जॅम’च्या जागी पाच रकाने. बाबांपुढे लिहिलं होतं: ‘अनधिकृत तेलाचा वापर, स्वतः कबूल. शस्त्रविरहित कामावर बदली.’ त्यांना विरारला एका एटीएमपाशी खुर्ची मिळाली. पर्यवेक्षक होता तिथेच राहिला. ज्याने अकरा वर्षं खोट्या सरावाचे कागद नेले त्याला कुठलाच रकाना लागला नाही, आणि ज्याने खरं सांगितलं त्याची बंदूक गेली. लोक मला म्हणतात की, शेवटी बऱ्याच गोष्टी सुधारल्या ना. सुधारल्या. मी तरीही रागावलेलीच आहे, आणि वयाबरोबर हा राग निवेल असं सांगणाऱ्यांनी थोडी वाट पाहावी.

निकालाच्या संध्याकाळी मी बाबांवरच चिडले. ‘कशाला सांगितलंत? मी सगळं जुळवलं होतं.’

‘तू माका वाचवूक बघत होतंस, ता माका कळत होता,’ ते म्हणाले. ‘पण तुझो कागद वाचून त्या पाच जणांनी काय केला असता? माझ्यासारखे चांगला म्हणून काडतुसांक तेल लावूक लागले असते. तू त्यांका सगळा सांगितलंस आणि तेवढाच सांगूक नाय.’

हे मला सुचलंच नव्हतं. मी पत्रक बाबांसाठी लिहिलं होतं, ज्यांच्या हातात दिलं त्यांच्यासाठी नव्हे. इतकी पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीने केलेली ही चूक आहे, आणि ती मी कुणावर ढकलू शकत नाही.

दुसरं पत्रक मी दोन दिवसांनी लिहिलं. पहिली ओळ होती, ‘काडतुसाला कसलंही तेल लावू नका. माझ्या वडिलांनी लावलं होतं.’ बाबा म्हणाले, नाव घाल, नुसते वडील कुणाचेही असतात. नाव घातलं. खाली फेरी, पाच रोका, प्रत्येकीचा इलाज, फ्रान्सिस काकांनी तपासून दिलेला.

वाटायला मी पहिल्यांदा बाबांच्याच जुन्या शाखेत गेले. त्यांच्या जागी एक साताऱ्याकडचा गार्ड आला होता, पस्तिशीचा, मिशा राखलेला. जेवणाच्या सुट्टीत बंदूक आत साखळीला लावून तो बाहेर पायरीवर डबा खात होता. मी पत्रक दिलं. त्याने उजवा हात पँटला पुसला, कागद मांडीवर पसरला आणि बोट ठेवत सावकाश वाचू लागला. पहिल्या ओळीवर बोट थांबलं. त्याने मागे शाखेच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘ताई,’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘मी खोबरेल नाही लावत. तिळाचं लावतो. देवासमोरच्या दिव्याचं, चांगलं शुद्ध असतं. ते चालतं ना?’

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले, कागद उलटा केला आणि काडतूस नळीत कसं शिरतं तिथपासून सांगायला सुरुवात केली.